तापीत सोडलेले दिवे

१

लीलाधर गुरुजींचा गळा चिरला गेला तेव्हा सावदा गावात कुत्र्यांखेरीज फारसं कुणी नव्हतं. त्रिपुरी पौर्णिमा होती. बाया गाड्या जुंपून तापीवर दिवे सोडायला गेल्या होत्या आणि मागे राहिलेले पुरुष स्टेशनात केळीचे घड मालगाडीच्या वाघिणींत भरत होते. गुरुजींची एकुलती एक मुलगी पुष्पा आत्यासोबत नदीवरून परतली. वडील घरी दिसेनात म्हणून प्रसादाची वाटी घेऊन ती वाचनालयात गेली. तिची किंकाळी पार पेठेपर्यंत ऐकू आली.

फौजदार नूर महंमद तडवी पोचले तेव्हा दारात माणसं गोळा झाली होती, पण उंबरा ओलांडायची कुणाची हिंमत नव्हती. फौजदारांनी बत्ती वर धरली. गुरुजी खुर्चीतच होते. डोकं टेबलावर पडलेलं. रक्त टेबलावरून ओघळून जमिनीवर थिजलं होतं आणि त्यात गुरुजींचा चष्मा बुडाला होता. वार मागून झाला होता, एकच, आणि इतक्या जोराचा की मान अर्ध्याहून अधिक तुटली होती. शेजारी चामडं कापायची रापी पडली होती.

“ही तर चांदची,” दारातून कुणीतरी म्हणालं.

चांद गावातला पुस्तकं बांधणारा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तो तिथेच कोपऱ्यात बसून शिवायचा आणि हत्यारं तिथल्याच फळीवर ठेवून जायचा. हे गावाला ठाऊक होतं. आदल्या दिवशी गुरुजींशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हेही गावाला ठाऊक होतं.

फौजदारांचं लक्ष मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींकडे गेलं. कंदील काच पुसून खिळ्याला तसाच टांगलेला होता, वातीला काडी लागलेली नव्हती. अंधारात वाचत बसणारे गुरुजी नव्हते. म्हणजे सूर्य मावळण्याच्या सुमारासच त्यांचा घात झाला होता. दुसरी गोष्ट गुरुजींच्या छातीखाली होती. नकाशांचं मोठं पुस्तक उघडं पडलं होतं, पान उत्तर हिंदुस्थानाचं. रक्तानं माखलेल्या पानावर गुरुजींचा उजवा हात गंगेच्या वळणावर पालथा पडला होता.

“उद्याच्या प्रश्नांच्या सभेची तयारी करत असतील,” जमादार कौतिक म्हणाला.

“असतील,” फौजदार म्हणाले. त्यांनी मागं वळून पाहिलं तर दारातली गर्दी नाहीशी झाली होती. रस्त्याच्या टोकाकडून आरडाओरडा ऐकू येत होता.

कौतिक धावत जाऊन परत आला. तो धुळ्याकडचा. घाबरला की त्याच्या तोंडी घरची बोली यायची.

“साहेब, बठ्ठं गाव चांदना घरकडे चालनं शे!”

२

फौजदार पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. चांदचं दुकान पेटलं होतं. जळक्या कागदांच्या चिंध्या हवेत उडत होत्या. दुकानासमोर रस्त्यावर पुस्तकं दाबायचा लोखंडी दाब ओढून आणला होता. त्याच्या दोन पाट्यांमध्ये चांदचा उजवा हात घालून कुणीतरी पेच आवळला होता. चांद शुद्धीवर नव्हता. त्याची आई हसीनाबी दोन्ही हातांनी पेच उलटा फिरवायची धडपड करत होती आणि तो तिला हलत नव्हता.

फौजदारांनी हवेत गोळी झाडली. माणसं मागं सरली. पेच सैल केल्यावर जे बाहेर आलं त्याला हात म्हणणं कठीण होतं.

“कुणी केलं हे?”

सगळ्यांत पुढे लोटन पाटील उभा होता. गुरुजींचा चुलतभाऊ, गावातला मोठा केळीवाला, अंगानं रेड्यासारखा.

“त्यानं माह्या भावाचा गया कापला,” लोटन म्हणाला. “तुम्ही त्याले जळगावच्या दवाखान्यात नेता का तुरुंगात?” आणि मग मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “का तुमच्या धर्माचा म्हनून सोडून देनार, फौजदारसाहेब?”

तडवी फौजदारांनी तो घोट गिळला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुसलमान तडवी भिल्लाचा पोर शिकून फौजदार झाला होता. अशी बोलणी त्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकली होती. त्यांची नजर लोटनच्या धोतरावर गेली. गुडघ्यापासून खाली काळपट तांबूस डाग पसरले होते.

कौतिकनंही ते पाहिलं आणि त्याचा हात काठीवर घट्ट झाला.

“हे रक्त कुणाचं?” त्यानं विचारलं.

लोटन मोठ्यानं हसला. फौजदारांनी वाकून धोतराचा सोगा बोटांत चुरगाळला. डाग कडक होता, चिकट होता आणि पाण्यानं ओला केला तरी सुटत नव्हता. केळीचा चीक. घड कापणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यावर असतो, आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. दुपारपासून लोटन वाघिणीजवळ उभा होता हे पुढे स्टेशनातल्या हमालांनीही सांगितलं. भाऊ मारणारा तो नव्हता.

चांदला बैलगाडीतून स्टेशनावर नेताना तो क्षणभर शुद्धीवर आला. फौजदारांची बाही पकडून म्हणाला, “साहेब, भांडलो ते खानदेशच्या नावावरून. मी म्हटलं, फारुकी खानांवरून पडलं. गुरुजी म्हणाले, कान्हावरून, कान्हदेश. मी चिडलो. पन रात्री ते स्वतः घरी आले. म्हणाले, चांद, या प्रश्नाला दोन्ही उत्तरं आहेत, सभेत दोन्ही सांगू. त्यांनी माझ्या अम्मीच्या हातचा चहा घेतला. मी त्यांना कशाला मारू?”

गाडी पुढे गेली. गुरुजी चहाला आले होते याला साक्षीदार एकच, आणि ती चांदची आई होती.

३

गुरुजींची ज्ञानसभा म्हणजे सावद्याची दरसालची जत्राच. पौर्णिमा उलटली की वाचनालयाच्या ओट्यावर गाव जमायचं आणि गुरुजी प्रश्न टाकायचे. अजिंठ्याची लेणी कोणत्या नदीच्या काठी? अकबरानं असीरगड घेतला तेव्हा तिथं कुणाचं राज्य होतं? रमजान दरसाल आधी आधी का येतो? नर्मदेला प्रदक्षिणा घालतात ती कोणत्या बाजूनं? इतिहास, भूगोल, वाङ्मय, धर्म, त्यांना काही वर्ज्य नव्हतं. केळीवाले, शिंपी, पिंजारी, सावकार, सगळे शेजारी बसून भांडायचे.

यंदा या सभेत मानाची खुर्ची प्रोफेसर पद्माकरांना मिळणार होती. मलकापूरकडचा, आईबाप लहानपणीच गेलेला, काशीच्या विद्यापीठात शिकून आलेला हा देखणा तरुण चार-सहा महिन्यांपूर्वी गावात आला आणि गाव त्याच्यावर भाळलं. संस्कृत श्लोक असे म्हणायचा की ऐकणारे डोलायचे. पुष्पाशी त्याचं लग्न ठरलं होतं. मार्गशीर्षातला मुहूर्तही धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार गुरुजींच्या घरी गेले तेव्हा पद्माकर ओसरीवर बसला होता. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. त्यानं उठून हात जोडले.

“मी त्या वेळी इथं असतो तर, साहेब! पण मी तापीवर होतो.”

“गावातल्या बायांबरोबर?”

“नाही. गर्दी मला सोसत नाही. मी चालत गेलो. लांब एका खडकावर बसलो, सायंस्नान केलं. ओल्या कपड्यांनीच परतलो, झुंबरआत्यांनी पाहिलंय.” त्यानं डोळे पुसले. “काय देखावा होता! समोर सूर्य पाण्यात बुडत होता. पाठीशी पौर्णिमेचा चंद्र वर चढत होता. बायकांनी सोडलेले दिवे जणू त्या सूर्यबिंबातून निघावेत तसे एकामागून एक माझ्याकडे वाहत येत होते. एक तर माझ्या पायाशी येऊन थांबला. मी त्याला नमस्कार केला. आणि इकडे, त्याच क्षणी...”

दाराआड उभी असलेली पुष्पा हुंदके देत आत गेली. फौजदारांनाही गलबलून आलं. नदीवर हजारो माणसं होती, लांब खडकावर बसलेल्या एकट्याला कोण ओळखणार? तरी माणूस खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं नाही.

बाहेर पडताना कौतिक म्हणाला, “साहेब, बाजारात लोक सांगू राहिले, आज सांजपावेतो चांदवर गुन्हा लिहिला नाही तर त्याच्या आईचं घरबी जाळू.”

४

झुंबरबाई ही गुरुजींची विधवा बहीण. भाऊ विधुर झाल्यापासून घर तिनंच सांभाळलं होतं. फौजदार मागच्या दारी गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती, पण चूल पेटवली नव्हती.

“अक्का, गुरुजी अलीकडे कुणावर रागावले होते?”

“रागावनारा मानूस व्हता का तो? चांदशी भांडला अन् तठीच गेला समजूत काढाले. चहा पिऊन आला. मीच बोलली त्याले, आता तुह्या सभेले जोर चढनार.”

फौजदारांच्या छातीवरचा एक दगड उतरला. चांद खरं बोलला होता.

“आणखी काही? जेवताना, बोलताना काही वेगळं?”

झुंबरबाईनं आठवून पाहिलं. “परवा जेवायले पद्माकर व्हता. भावानं त्याले इचारलं, काशीले घाटावर बसलं की सूर्य कुठं मावयतो? त्यानं सांगतलं, गंगेच्या पान्यात मावयतो, बघनाऱ्याचे डोये भरून येतात. लई गोड बोलला. पन भाऊ मंग जेवलाच नाही. ताटावरून उठला. मी म्हनली, काय झालं? तर म्हने, काही नाही अक्का, पौर्निमा येऊ दे, मंग मी त्याच्याशी एकट्यानं बोलतो.”

फौजदार भिंतीला टेकले. काशी त्यांनी एकदाच पाहिली होती, पळालेला एक दरोडेखोर धरून आणायला गेले तेव्हा. घाटाच्या पायरीवर बसून त्यांनी दिवस काढला होता. सूर्य समोरून, नदीपलीकडून उगवला होता. संध्याकाळी तो पाठीमागच्या देवळांआड, गल्लीबोळांत दिसेनासा झाला होता. गंगा तिथं उत्तरेला वळते आणि सगळं शहर तिच्या पश्चिम काठावर आहे. काशीच्या घाटावरून सूर्य गंगेत मावळताना कुणालाच दिसत नाही. जो तिथं वर्षानुवर्षं राहिला त्याला हे सांगावं लागत नाही.

रक्तानं भिजलेलं ते पान, गंगेच्या वळणावर पडलेला तो हात. गुरुजी सभेची तयारी करत नव्हते. ते कुणाला तरी काशी दाखवत होते.

पण म्हणून तो खुनी ठरत नव्हता. तो तर नदीवर होता.

“अक्का,” फौजदार सावकाश म्हणाले, “तुम्ही दिवा सोडला तो कुणीकडे गेला?”

“जाईन कुठं? माह्या धन्याच्या नावाचा सोडला व्हता. सूर्व्याच्या मांगं मांगं गेला. सगळेच तिकडंच गेले. दिसत व्हते तोवर मी पाहत बसली.”

फौजदार ताडकन उठले. “कौतिक! वाचनालयामागच्या मळ्यात विहीर आहे ना? गळ टाक. तळापर्यंत टाक.”

“काय सापडंल म्हणता?”

“गळाला लागेल ते घेऊन ये. पण कुणाला दाखवू नकोस.”

५

दुपारी फौजदारांनी गुरुजींच्या घरच्या माणसांना वाचनालयात बोलावलं. पुष्पा आणि झुंबरबाई बाकावर बसल्या. पद्माकर खिडकीशी उभा राहिला. लोटन थेट बागेतून आला होता, कमरेला कोयता तसाच. दाराबाहेर गर्दी दाटली होती. टेबल धुतलं होतं तरी लाकडाच्या भेगांत काळं रक्त होतं.

“चांदले बेड्या घातल्या का?” लोटननं विचारलं.

“आधी एक प्रश्न,” फौजदार म्हणाले. “गुरुजींच्या सभेतला समजा. गोदावरी कुणीकडे वाहते?”

“पूर्वेले,” बाहेरून दोघे-तिघे म्हणाले.

“कृष्णा? भीमा?”

“पूर्वेले.”

“आणि आपली तापी?”

लोटन वैतागला. “हे पोराले इचारा. पच्छिमेले. सुरतेकडं.”

“बरोबर. काल सूर्य मावळताना तिच्यात सोडलेले दिवे पश्चिमेला गेले, मावळत्या सूर्याकडे. पुष्पाताई, तुम्ही पाहिलंत?”

पुष्पानं मान हलवली.

“प्रोफेसरसाहेबांनी मात्र वेगळं पाहिलं. त्यांच्या समोर सूर्य होता आणि दिवे सूर्याकडून त्यांच्या पायाशी येत होते. म्हणजे प्रवाहाविरुद्ध.”

पद्माकर किंचित हसला. “वारा असेल, साहेब. मी कवीच्या नजरेनं पाहत होतो. तेवढ्यावरून...”

“वारा?” झुंबरबाई म्हणाली. “पानसुद्धा हालत नव्हतं. वारा असता तर पान्यावर दिवे टिकले असते का?”

“तुम्ही नदीवर गेलाच नाहीत,” फौजदार म्हणाले. “दुसरीकडच्या कुठल्या तरी नदीवरचा देखावा तुम्ही तापीवर बसवला. काशीचं तसंच. मावळता सूर्य गंगेत बुडवलात तेव्हाच गुरुजींनी तुम्हांला ओळखलं. मुलीची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी गाव रिकामं होईस्तोवर वाट पाहिली आणि एकट्यानं इथं बोलावलं. नकाशा उघडून काशी दाखवली. ते पानावर वाकले आणि तुम्ही फळीवरची रापी घेतली.”

“हे कीर्तन झालं. पुरावा?”

“नदीवर नव्हतात तर कपडे कुठं भिजले? मागच्या विहिरीवर रक्त धुतलंत, सदरा बुडवलात आणि ओल्या धोतर-उपरण्यानं घरी आलात.” फौजदारांनी हाक मारली. कौतिकनं आत येऊन ओलं गाठोडं टेबलावर सोडलं. दगडाला गुंडाळलेला रेशमी सदरा. छातीपासून बाहीपर्यंतचे डाग विहिरीच्या पाण्यानं फिके झाले होते, गेले नव्हते. असा सदरा गावात एकाच्याच अंगावर दिसायचा. गळ्यापाशी निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं.

पुष्पा उठली. तिनं ते रफू बोटांनी चाचपलं. “हे मी केलंय,” ती म्हणाली. “दिवाळीत.”

पुढचं इतक्या झपाट्यानं घडलं की बाहेरच्यांना नीट दिसलंही नाही. पद्माकरनं लोटनच्या कमरेचा कोयता ओढला आणि त्याच झटक्यात त्याच्या खांद्यावर घातला. हाडावर आदळल्याचा आवाज झाला. लोटन गुडघ्यावर कोसळला. दुसऱ्या क्षणी पुष्पाची वेणी पद्माकरच्या मुठीत होती आणि कोयत्याचं पातं तिच्या गळ्याशी.

“रस्ता सोडा!” आता त्याच्या तोंडी ना संस्कृत होतं ना काशी. “नहीतर हिनं मुंडकं पाडसू!”

कौतिक दचकला. ती त्याच्याच गावाकडची बोली होती.

झुंबरबाईनं काही विचार केला नाही. समोरचं जाडजूड नकाशांचं पुस्तक उचलून तिनं त्याच्या तोंडावर फेकलं. पातं हललं, पुष्पाच्या हनुवटीखाली रक्ताची रेघ उमटली, पण ती खाली वाकली आणि फौजदारांची काठी त्याच्या मनगटावर बसली. कोयता पडला. दुसऱ्या तडाख्यानं पद्माकर पडला. मग गर्दी आत घुसली. त्याला जिवंत बाहेर काढायला फौजदारांना स्वतःच्या अंगावर तडाखे घ्यावे लागले.

६

पद्माकरचं खरं नाव पुना. धुळ्याच्या बाजूला फिरणाऱ्या एका नाटक मंडळीत तो राजे आणि ऋषी करायचा. श्लोक तिथंच पाठ झाले होते. नाटक मंडळी नाशिकला असताना गोदावरीकाठची संध्याकाळ त्यानं पाहिली होती. देखावा होता तो तिथला. बायकोला गळा दाबून मारल्याच्या गुन्ह्यात धुळ्याचे पोलीस त्याला तीन-चार वर्षं शोधत होते. गुरुजींनी त्याला फक्त एवढंच म्हटलं होतं, की तू कोण आहेस ते मला ठाऊक नाही, पण तू काशीचा नाहीस. उजाडायच्या आत गाव सोड, मी कुणाला सांगणार नाही. त्यांना बायकोचं काही माहीत नव्हतं. ते माहीत झालं असेल, या धास्तीनं त्यानं वार केला.

हे सगळं लिहून घेऊन फौजदार सावद्याच्या दवाखान्यात गेले. लोटनचा खांदा बांधलेला होता. त्याला पाहायला गावातली चार माणसं भोवती जमली होती. सगळे सुटल्यासारखे बोलत होते.

“साहेब, माह्याकडून चूक झाली बोलन्यात,” लोटन म्हणाला. “तुम्ही दिलदार मानूस. झालं गेलं तापीले मियालं. चांदले मी नवं दुकान बांधून देतो.”

“चांदचा हात मनगटापासून कापला,” फौजदार म्हणाले. “आजच, जळगावला. पेच कुणी फिरवला?”

खाटेभोवतीची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. “गर्दी व्हती,” एकजण म्हणाला. “कोनी पाह्यलं नाही,” दुसरा म्हणाला. लोटन छताकडे बघत राहिला.

फौजदारांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आख्खं गाव रस्त्यावर होतं आणि साक्षीला एक माणूस नव्हता. चांदच्या आईचा जबाब कोर्टात टिकणार नाही, हे त्यांना कळत होतं. ते टोपी घेऊन निघाले.

दारात पुष्पा उभी होती. हनुवटीखाली पट्टी, डोळे कोरडे. ती काकासाठी डबा घेऊन आली होती. तिनं तो खाटेशेजारी ठेवला, झाकण नीट बसवलं आणि फौजदारांकडे वळली.

“मी पाहिलं,” ती म्हणाली. “त्या रात्री गर्दीमागं मीही धावले. मी आडवी गेले तर मला ढकलून दिलं. रॉकेल दुसऱ्यांनी ओतलं. पेच लोटनकाकांनी फिरवला.”

“पुष्पे!” लोटन उठायला गेला आणि कळ येऊन मागं पडला. “अवं, मी तुह्या बापासाठी केलं!”

“माझ्या बापानं आदल्या रात्री त्या घरी चहा घेतला होता,” ती म्हणाली.

मग ती बाकावर बसली आणि फौजदारांना म्हणाली, “लिहा, साहेब.”